मोज्याचा बंद आणि परकराची नाडी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, मलिक अंबरने १६१० साली वसविलेली खडकी आणि तिचे पुढे झालेले औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, असे सारे उभे राहते. ते योग्यच आहे. परंतु आपल्या मंडळाची स्मरणिका बायकांची, आणि वाचणाऱ्याही बहुतेक आपण शेजारणी-पाजारणी. तेव्हा या वेळी एका अगदी लहानशा वस्तूचा इतिहास सांगावा असे मनात आले. ही वस्तू म्हणजे मोजा वर धरून ठेवणारा बंद. इंग्रजीत त्याला गार्टर म्हणतात. आपल्याकडे काही घरांत त्याचे ‘गेटिस’ झाले. वस्तू क्षुल्लक खरी. पण तिच्या मागोमाग गेले तर बायकांच्या चालण्याबोलण्याचा, आरोग्याचा आणि मोकळेपणाचा बराच मोठा इतिहास हाती लागतो.

पहिली गंमत अशी की, हा बंद मुळात बायकांचा नव्हेच. युरोपात लांब मोजे आणि त्यांवरचे रंगीत बंद मिरवले ते आधी पुरुषांनी. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाने १३४८ च्या सुमारास सरदारांसाठी जो सर्वांत मानाचा किताब काढला, त्याचे नावच मुळी ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’. पुरुषांचा पाय तुमानीतून दिसे, म्हणून त्याचा थाट. बायकांचा पाय घोळदार झग्याखाली झाकलेला, म्हणून त्यांचा बंद कोणाला दिसत नसे. १५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रज पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र काढले आणि पुढे हळूहळू मोजा सामान्यांच्याही पायात आला.

मोजा आला, पण तो पायावर ठरेना. आजचे मोजे ताणले जातात आणि आपोआप बसतात. त्या काळचे सुती, लोकरीचे वा रेशमी मोजे तसे नव्हते. तेव्हा गुडघ्याच्या वर किंवा खाली फीत गुंडाळून घट्ट गाठ मारावयाची, एवढाच उपाय. सैल बांधली तर मोजा घसरून घोट्याशी गोळा व्हायचा; घट्ट बांधली तर पायाला वळ. १८२० साली टॉमस हॅन्कॉक याने रबराचे बंद हातमोज्यांना, बुटांना आणि मोज्यांना लावण्याचे पेटंट घेतले. पण ते कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचे आणि थंडीत कडक. चार्ल्स गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत १८३९ मध्ये शोधली, तेव्हा कुठे इलॅस्टिक खऱ्या अर्थाने घरोघर जाण्याजोगे झाले.

तरीही बंद तो बंदच. पायातले रक्त हृदयाकडे परत जाताना वर चढावे लागते. त्या वाटेवर गुडघ्यापाशी करकचून पट्टा आवळला की रक्त खाली तुंबते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य डॉक्टर आणि पोशाख-सुधारणेच्या पुरस्कर्त्या बायका याविरुद्ध बोलू लागल्या. त्यांत अमेरिकेतल्या पहिल्या पिढीच्या स्त्री-डॉक्टरही होत्या. त्यांचे म्हणणे असे की, कपड्याचा भार कमरेवर आणि पायांवर आवळून न टाकता खांद्यांवरून लोंबता ठेवावा. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ने तर बाईच्या आतल्या कपड्यांचे वजन सात पौंडांहून, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंहून, जास्त असू नये अशी मर्यादा घातली. मर्यादाच एवढी, तर मूळचा भार केवढा असेल, याची कल्पना तुम्हीच करा!

यातूनच मोजा वरून टांगण्याची युक्ती रूढ झाली. कंबरेच्या कॉर्सेटला किंवा पट्ट्याला इलॅस्टिकच्या लांब फिती लावावयाच्या आणि फितीच्या टोकाला चिमटा. हा चिमटा मोठा हुशारीचा. मोज्याच्या कडेखाली रबराची गुंडी धरावयाची आणि वरून तारेचा लांबट फासा तीवर सरकवून खाली ओढावयाचा. कापड गुंडी व फासा यांच्यामध्ये पकडले जाते, फाटत मात्र नाही. १९०० च्या सुमारास कॉर्सेटचा घाट पुढून सरळ झाला आणि या फिती समोरच्या बाजूनेही आल्या. पायावरची गाठ सुटली हे खरे. पण कंबर आणि पोट मात्र आवळलेलेच राहिले. एका जागचे बंधन सोडवून दुसऱ्या जागी बांधावयाचे, असा प्रकार झाला.

आता आपल्याकडे वळू. आपल्या नऊवारी लुगड्याला मोजा नको आणि मोज्याचा बंदही नको. कंबरेशी एक गाठ, मागे काष्टा, की बाई शेतात, विहिरीवर, घोड्यावरही जावयास मोकळी. पण जिथे थंडी आली किंवा रस्त्याने बूट घालून हिंडण्याची वेळ आली, तिथे प्रश्न उभा राहिला. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकण्यास अमेरिकेस निघाल्या, तेव्हा हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच राहीन असे त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते. पण फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारीतून उघड्या राहणाऱ्या पोटऱ्यांचे काय करावयाचे? त्यांनी साडी सोडली नाही. गुजराती पद्धतीने पायघोळ नेसू लागल्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने एकीकडे थंडीशी आणि दुसरीकडे ‘लोक काय म्हणतील’ याच्याशी एकाच वेळी झुंज दिली, हे आपण विसरता कामा नये. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच पुण्यात वारल्या.

बाईच्या पायातला बूट ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आनंदीबाई आणि त्यांच्या चरित्रकार काशीबाई कानिटकर यांनी बूट घालून व छत्री घेऊन रस्त्याने जाण्याचे धाडस केले, तेव्हा त्यांच्यावर दगड मारले गेले, असे स्त्रियांच्या लेखनाच्या इतिहासात नमूद आहे. बूट आणि छत्री ही पुरुषाच्या अधिकाराची चिन्हे. ती बाईने घेतली म्हणून एवढा राग. म्हणजे पहा, तिकडच्या बाईला मोजे-बूट घालावेच लागत आणि त्याखाली ती आवळली जाई; इकडची बाई मोकळी, पण तिने बूट घातला की दगड. दोन्हीकडे ठरवणारे दुसरेच.

पारशी कुटुंबांनी मात्र यातून लवकर वाट काढली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या पारशी स्त्रिया साडीखाली मोजे आणि बूट सर्रास वापरीत. आपल्या मराठी घरांत मोजे आधी पुरुषांच्या पायांत आले. धोतर, लांब कोट, डोक्यास पगडी आणि पायात मोजे-बूट, हा वकील-मास्तरांचा थाट जुन्या छायाचित्रांत आजही दिसतो. धोतराखाली मोजा घसरलेला दिसू नये म्हणून पोटरीभोवती इलॅस्टिकचा पट्टा आणि त्याला खाली लोंबता चिमटा, अशी पुरुषांची गेटिस असत. पुढे शाळेच्या गणवेशात, स्काउटांच्या पोशाखात हीच वस्तू मुलांकडे आली. परिचारिकांच्या पांढऱ्या मोज्यांमुळे ती बायकांच्या कामाचाही भाग झाली. आणि एक देवघेव उलटीही झाली बरे का! सैनिक-पोलीस पोटरीला गुंडाळीत ती कापडाची पट्टी इंग्रजांनी आपल्याकडून उचलली आणि शब्दही उचलला. इंग्रजी कोशात ती ‘पटी’ म्हणून बसली आहे.

आमच्या औरंगाबादेत निजामाचे राज्य असले तरी छावणीत इंग्रज अधिकारी व त्यांच्या मडमा राहत. १९०० साली रेल्वे आली आणि मुंबई-हैदराबादचा माल गावात सहज येऊ लागला. गुल म्हणजे फूल. जिथे फुलांची मंडी, ती गुलमंडी, असे या जागेच्या नावाचे स्पष्टीकरण देतात. पुढे याच भागात कापडाची, शिवणसामानाची दुकाने फुलली. शाळेतल्या मुलांच्या मोज्यांसाठी आयांनी अरुंद इलॅस्टिक मोजून आणावे, दोन टोके शिवून कडी करावी आणि ती मोज्याच्या दुमडीखाली सरकवावी, हे तुमच्यापैकी पुष्कळींनी केले असेल. संध्याकाळी मोजे काढल्यावर पोटरीवर लाल वर्तुळ उमटलेले असे, तेही आठवत असेल. ते वर्तुळ म्हणजेच शंभर वर्षांपूर्वी त्या स्त्री-डॉक्टर ज्याविरुद्ध बोलत होत्या, ती गोष्ट.

पुढची कथा थोडक्यात सांगते. इलॅस्टिकचे रबर बव्हंशी मलायातून येई. त्रावणकोरातही १९०२ पासून रबराचे मळे होऊ लागले. १९४२ मध्ये जपानने मलाया जिंकला आणि जगभर इलॅस्टिकची टंचाई झाली. अमेरिकेत १९४० च्या मे महिन्यात सर्वत्र विक्रीस आलेले नायलॉनचे मोजे युद्धात नाहीसे झाले. ते नायलॉन पॅराशूटसाठी गेले. १९५८ साली इलॅस्टेन नावाचा ताणला जाणारा कृत्रिम धागा शोधला गेला. १९५९ मध्ये कंबरेपर्यंतचे सलग मोजे अमेरिकेत बाजारात आले. मोजा स्वतःच पायाला धरून राहू लागला आणि रोजच्या पोशाखातून बंद, चिमटे, फिती निवृत्त झाल्या.

मग आज हा इतिहास कशास उगाळावयाचा? कारण बंद मोज्यावरून गेला, पण आपल्या कंबरेवर राहिला. पाचवारी, म्हणजे गोल पातळ आले, त्याबरोबर परकर आला आणि परकराबरोबर नाडी. साडी सुटू नये म्हणून नाडी करकचून बांधावयाची, ही आपणा सर्वांची सवय. १९४५ साली मुंबईचे थोर रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी कंबरेशी घट्ट बांधलेल्या धोतरामुळे त्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. साडी नेसणाऱ्या बायकांतही तसेच रुग्ण पुढे आढळले. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीची परकराची नाडी घट्ट. दुसरी परकराशिवाय लुगडे नेसणारी. दोघींच्याही कुशीपाशी वर्षानुवर्षे घासून जखम झाली आणि ती भरलीच नाही. भिण्याचे कारण नाही. असा रोग फार क्वचित होतो. पण काळा पडलेला, सोललेला, खाजणारा पट्टा पुष्कळींच्या कंबरेवर असतो आणि पुष्कळजणी तो कोणाला दाखवीत नाहीत. लाजेने झाकलेले दुखणे वाढते, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट पायांची. ओट्यापाशी, दुकानात, शाळेत दिवसभर उभे राहणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगतात. त्यावर डॉक्टर आता जे खास मोजे देतात, त्यांत जुन्या गार्टरच्या अगदी उलट युक्ती आहे. दाब घोट्याशी सर्वांत अधिक आणि वर जाताना कमी कमी, म्हणजे रक्त वर चढण्यास मदत होते. जो दाब चुकीच्या जागी अपाय करीत होता, तोच योग्य जागी औषध झाला. मात्र हे मोजे डॉक्टरांना विचारूनच आणि पायाचे माप घेऊनच घ्यावेत. आपल्या मनाने नव्हे.

आपल्या या गावाची एक जुनी शहाणीव येथे आठवते. हिमरूबरोबर येथे मशरू विणला जाई. त्याची वरची बाजू रेशमाची, झळाळती. अंगास लागणारी बाजू सुताची. पुरुषाच्या कातडीला रेशीम लागू नये असा मुसलमान धर्मनियम, त्यातून ही वीण निघाली. दिसण्याची शोभाही राखावयाची आणि अंगाला काय लागते याचाही विचार करावयाचा, हे त्या विणकरांना साधले होते. आपल्या कपड्यांत तेवढे साधले तरी पुरे.

म्हणून शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणींना माझे एवढेच सांगणे आहे. परकराला बारीक नाडीऐवजी चार बोटे रुंद, मऊ सुती पट्टा लावून पहावा. रोज एकाच रेघेवर गाठ न मारता जागा थोडी वरखाली करावी. घरी आल्यावर नाडी सैल करावी. न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांकडे जावे. आणि सुनेला, मुलीला, शेजारणीलाही हे सांगावे. मंडळात आपण जमतो ते हळदीकुंकवासाठी आणि भजनासाठी खरे. पण असे बोलणे एकीच्या तोंडून दुसरीच्या कानी जावे, यासाठीही जमतो.