अहमदाबादचं यंत्र, पुण्याचे कान

१९६९ साली आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. १९४० साली घातलेली ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीचे स्वर पक्के बांधलेले, त्यातून मींड निघत नाही, हा मुख्य आक्षेप. १९४८ साली सुरू झालेलं आपलं नागपूर केंद्रही याच नियमाखाली आलं.

गंमत अशी, की पेटी रेडिओच्या दाराबाहेर उभी असतानाच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मोग सिंथेसायझर दाखल झाला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. या उपक्रमामागे गीता साराभाई होत्या. त्या पखवाज शिकलेल्या. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज यांना त्यांनी भारतीय संगीत समजावलं आणि बदल्यात त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं.

मोगमध्ये तार नाही, भाता नाही. विजेच्या कंपनांतून स्वर तयार होतो आणि विजेचा दाब बदलला की तो चढतो किंवा उतरतो. बटण सावकाश फिरवलं, तर एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येतं. पेटीला जे जमत नाही म्हणून ती बाहेर बसली, ते या परदेशी यंत्राला सहज जमत होतं.

गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी इथे रचना केल्या. १९७२ नंतर मात्र हे काम थांबलं. टेप संग्रहात पडून राहिल्या. कलावंत पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ साली त्यांचा अल्बम आला. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षं भारतातल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे असं काही झालं होतं, याचा पत्ताच नव्हता.

आता पुण्याकडे या. १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. याच जागी १९३७ साली व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ केला होता. त्यात पार्श्वसंगीताऐवजी घरातले, रस्त्यावरचे, प्रसंगातलेच आवाज वापरले होते. ‘साउंड डिझाइन’ हा शब्द आपल्याकडे रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

या इन्स्टिट्यूटमध्ये १९६५ ते १९८० अशी पंधरा वर्षं भास्कर चंदावरकरांनी संगीत शिकवलं. रविशंकरांकडे सतार शिकलेला हा माणूस वर्गाबाहेरही तितकाच कामात होता. १९७२ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’चं संगीत त्यांचं. तिथे माणसांची रांगच भिंत होते, तीच गाते, नाचते आणि क्षणात पडदा बनते. त्याच वर्षीच्या ‘माया दर्पण’चं संगीतही त्यांचंच, दिग्दर्शक कुमार शहानी, याच संस्थेचे विद्यार्थी. पुढे ध्वनिमुद्रण शिकून बाहेर पडलेल्या रसूल पुकुट्टींना २००९ साली ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर मिळालं.

दोन्ही ठिकाणी हुशार माणसं होती. अहमदाबादचा प्रयोग जास्त धाडसी होता, हेही खरं. पण तो तीन वर्षांत आटोपला. पुण्यात मात्र वर्ग होता, दरवर्षी नवी मुलं येत होती आणि तोच शिक्षक पंधरा वर्षं समोर होता. यंत्र एकदा विकत घेता येतं. ऐकायची सवय मात्र पिढीमागून पिढी लावावी लागते.

हे आज नागपुरात महत्त्वाचं आहे. त्या काळी परदेशातून आणावं लागे, तसं यंत्र आज लॅपटॉपवर फुकट मिळतं. ‘प्युअर डेटा’ हे मोफत सॉफ्टवेअर १९९६ पासून आहे. हात हलवला की आवाज बदलेल, अशी रचना कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी त्यात करू शकते. रेकॉर्डर तर खिशातच आहे. म्हणजे यंत्राची सबब आता चालणार नाही.

सामग्रीही कमी नाही. मे महिन्यातल्या कुलरची घरघर आहे, मारबतीच्या मिरवणुकीतला गलका आहे. छिंदवाड्याची छोटी रेल्वे मात्र २०१५ साली बंद झाली. तिचा आवाज आता नव्याने रेकॉर्ड करता येणार नाही. जे आवाज उरलेत, ते ऐकायला शिकवणारा वर्ग आणि रेकॉर्ड केलेलं जपणारं कपाट, दोन्ही एकाच वेळी हवं. अहमदाबादला कपाट होतं, पण वर्ग टिकला नाही. त्याची किंमत मधल्या चार दशकांतल्या विद्यार्थ्यांनी मोजली.