यीस्टमधली प्रथिनांची तिकडी आणि विदर्भातला सिकलसेल: संबंध काय?

जनुक कधी चालू करायचं, हे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिनं ठरवतात. यीस्टमध्ये हॅप२, हॅप३ आणि हॅप५ हे तिन्ही घटक एकत्र आले, तरच डीएनएवरची ‘सीसीएएटी’ ही अक्षरं धरतात. एक जरी गैरहजर असला, तर पकड बसत नाही. हॅप४ स्वतः डीएनए धरत नाही. पण तो जोडला गेला की जनुक जोमाने चालतं.

माणसात असंच तीन घटकांचं एनएफ-वाय आहे. गर्भातल्या हिमोग्लोबिनचं जनुक चालू ठेवायला ते मदत करतं. जन्मानंतर बीसीएल११ए हे प्रथिन शेजारी बसून त्याला हटवतं.

वर्ध्यासह विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलं, की त्रास कमी होतो. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मंजूर केलेला कॅसगेव्ही हा जनुकीय उपचार रक्त तयार करणाऱ्या पेशींत बीसीएल११एलाच आवर घालतो.