गुडघ्यातील सुईचा इतिहास

भामरागडच्या रानात फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचावयाची, वैशाखात तेंदूपाने तोडावयाची आणि पाऊस पडला की धानाची रोवणी करावयाची. ही सारी कामे ओणवे होऊन किंवा उकिडवे बसून होतात. तेथे गुडघा झिजला म्हणजे घरातला एक मिळवता माणूसच बसतो. म्हणून गुडघ्यातील सुईच्या गुणावगुणांचा विचार आम्ही भामरागड डोळ्यांपुढे ठेवून करणार आहोत.

या सुईचा जन्म फार जुना नाही. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ साली डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात टोचल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. आमवातासाठी निघालेले औषध अशा रीतीने झिजेच्या गुडघ्यातही शिरले. सांध्यातील वंगणासारखे हायलुरोनिक आम्ल १९३४ सालीच सापडले होते. पुढे कोंबड्याच्या तुऱ्यातून ते काढून त्याचीही इंजेक्शने निघाली.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा या सुईला दोन दशके होऊन गेली होती. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासमोर मात्र हिवताप, क्षय, कुपोषण, अस्वलाने फाडलेली माणसे असे प्राणाशी गाठ घालणारे प्रश्न उभे होते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट वर्षानुवर्षे बंद होत आली. मरणाशी झगडा चालू असता गुडघ्याची गाऱ्हाणी कोण ऐकणार? परंतु माणसे मरणातून वाचून म्हातारी होऊ लागली, म्हणजे गुडघ्याची पाळी येतेच.

मग सुईने काय साधते? स्टेरॉइडने सूज व ठणका काही आठवडे कमी होतो, हे खरे. परंतु झिजलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. २०१७ साली अमेरिकेत १४० रुग्णांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. दर बारा आठवड्यांनी दोन वर्षे स्टेरॉइड घेणाऱ्यांचे दुखणे मिठाचे पाणी टोचलेल्यांपेक्षा विशेष कमी झाले नाही. उलट त्यांची कूर्चा अधिक झिजली. २०२० सालच्या दुसऱ्या चाचणीत, वर्षाअखेरीस, सुई घेणाऱ्यांपेक्षा व्यायामोपचार घेणाऱ्यांचे गुडघे अधिक बरे होते. हायलुरोनिक आम्लाचा सरासरी लाभही फार अल्प, असे २०२२ सालच्या मोठ्या आढाव्यात दिसले.

‘आमचा रानातला माणूस दिवसभर राबतो, त्याला व्यायाम कशाला?’ असे कोणी विचारील. परंतु राबणे निराळे आणि मांडीचे स्नायू नेमाने बळकट करणे निराळे. राबण्यात गुडघा खर्ची पडतो. व्यायामाने त्याला आधार मिळतो.

आम्ही सुईचे वैरी नाही. जाणत्या हाताने, पूर्ण निर्जंतुक करून, ठणका असह्य असताना दिलेली एखादी सुई व्यायाम सुरू करण्यापुरती उसंत देते. पण उसंत म्हणजे दुरुस्ती नव्हे. ही गोष्ट सुई टोचण्यापूर्वीच रुग्णाला त्याच्या भाषेत, मग ती माडिया असो की मराठी, स्पष्ट सांगितली पाहिजे. दूरवरून पायपीट करीत जो दवाखान्यात येतो, त्याचा एवढा हक्क निश्चितच आहे.