सुपारी, नारळ व काजूच्या बुरशीजन्य रोगांचे जनुकीय क्रमनिर्धारण

सुपारी, नारळ व काजूच्या बुरशीजन्य रोगांचे जनुकीय क्रमनिर्धारण म्हणजे कठीण कवचाची फळे देणाऱ्या या झाडांवर रोग निर्माण करणाऱ्या बुरशींच्या व बुरशीसदृश सूक्ष्मजीवांच्या डीएनएमधील घटकांचा क्रम वाचून त्यांचा अभ्यास करण्याची पद्धत होय. तिला जिनोम सिक्वेन्सिंग असेही म्हणतात. कोकण व गोव्यातील बागायतीच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे, कारण सारखी दिसणारी लक्षणे वेगवेगळ्या जीवांमुळे उद्भवू शकतात आणि एकावर लागू पडणारे औषध दुसऱ्यावर निष्प्रभ ठरू शकते.

पार्श्वभूमी

सुपारीवरील कोळेरोग हा पावसाळ्यात पसरणारा रोग आहे. त्याचे नाव ‘कुजणे’ या अर्थाच्या कन्नड शब्दावरून आले आहे. कोवळ्या फळांवर पाणी मुरल्यासारखे डाग पडतात, पुढे पांढरी बुरशी दिसू लागते आणि फळे गळतात. इ.स. १९१० मध्ये म्हैसूर संस्थानातील वनस्पतिरोगतज्ज्ञ लेस्ली कोलमन यांनी त्याच्या रोगकारकाचे वर्णन केले. इ.स. १९१३ मध्ये त्यास फायटोप्थोरा अरेकी हे स्वतंत्र जातीचे नाव मिळाले. इ.स. १९९४ मध्ये विकरांच्या तुलनेवरून ही जाती नारळाच्या कोंबकुजीस कारणीभूत असलेल्या फायटोप्थोरा पामिव्होराहून वेगळी नसल्याचे मत मांडण्यात आले. भारतात कोळेरोगग्रस्त सुपारीवर मुख्यतः फायटोप्थोरा मीडी ही जाती आढळते. केवळ आकार व बीजाणू पाहून केलेली ओळख किती अनिश्चित असू शकते, हे या नामांतरांवरून दिसते.

काजूवरील करपा रोगाच्या बाबतीतही अशीच अडचण आहे. कॉलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइडिस या एकाच नावाखाली पूर्वी अनेक जाती मोडत असत. इ.स. २०१२ मध्ये अनेक जनुकांच्या तुलनेवरून या समूहात २२ जाती मानण्यात आल्या.

पद्धत

रोगट भागातून सूक्ष्मजीव वेगळा करून त्याचे शुद्ध संवर्धन केले जाते व त्यातून डीएनए काढले जाते. प्राथमिक ओळखीसाठी रायबोसोमच्या जनुकांमधील आयटीएस हा छोटा भाग वाचतात. इ.स. २०१२ मध्ये हा भाग बुरशींची सर्वसाधारण ओळखखूण म्हणून सुचविण्यात आला. जवळच्या जाती वेगळ्या करण्यास तो अपुरा पडल्यास आणखी काही जनुके किंवा संपूर्ण जनुकसंच वाचावा लागतो.

संपूर्ण जनुकसंचातून जीवाच्या नावापलीकडची माहिती मिळते. बटाट्यावरील करप्यास कारणीभूत असलेल्या फायटोप्थोरा इन्फेस्टन्सचा सुमारे २४ कोटी आधारकजोड्यांचा जनुकसंच इ.स. २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. यजमान वनस्पतीची प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या प्रथिनांची जनुके त्यातील वेगाने बदलणाऱ्या भागांत आढळली. प्रतिकारक्षम वाण काही वर्षांतच रोगाला बळी का पडतो, हे त्यावरून समजण्यास मदत झाली.

औषधयोजनेशी संबंध

फायटोप्थोरा ही खरी बुरशी नव्हे. ती ऊमायसीट या गटात मोडते आणि तपकिरी शैवलांना अधिक जवळची आहे. तिच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकॅन असतात आणि ती स्वतः स्टेरॉल तयार करू शकत नाही. त्यामुळे बुरशीतील स्टेरॉलनिर्मिती रोखणारी ट्रायझोल गटातील औषधे कोळेरोगावर फारशी उपयोगी पडत नाहीत. याउलट ऊमायसीटांवर चालणारे मेटॅलॅक्झिल काजूच्या करप्यावर निरुपयोगी असते. बोर्डो मिश्रणातील तांबे दोन्ही गटांवर परिणाम करते. पावसाळ्यापूर्वी सुपारीच्या घडांवर १ टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी करण्याची शिफारस आजही केली जाते.

पुण्यातील संग्रह

क्रमनिर्धारणातून मिळालेल्या माहितीची तुलना खात्रीने ओळखलेल्या नमुन्यांशी करावी लागते. पुण्यात कोथरूडपासून जवळच, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर असलेल्या आघारकर संशोधन संस्थेत असे नमुने जपले जातात. मूळचे मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने इ.स. १९४६ मध्ये महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या नावाने स्थापन झालेल्या या संस्थेला इ.स. १९९२ मध्ये सध्याचे नाव देण्यात आले. येथील नॅशनल फंगल कल्चर कलेक्शन ऑफ इंडिया या संग्रहात जिवंत बुरशींची संवर्धने, तर आजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियममध्ये वाळवलेले नमुने ठेवलेले आहेत.

जुन्या वाळवलेल्या नमुन्यांचेही क्रमनिर्धारण करता येते. आयर्लंडमधील १८४५ नंतरच्या दुष्काळास कारणीभूत ठरलेला फायटोप्थोरा इन्फेस्टन्सचा वंश इ.स. २०१३ मध्ये एकोणिसाव्या शतकातील अशाच पानांवरून ओळखण्यात आला.

इतर देशांतील उदाहरण

अमेरिकेत इ.स. १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे आढळलेल्या क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका या बुरशीने तेथील चेस्टनटची जंगले जवळजवळ नष्ट केली. या बुरशीला दुर्बल करणारा विषाणू केवळ परस्परांशी जुळणाऱ्या वाणांमध्ये सहज पसरतो. जनुकसंचाच्या आधारे हा अडसर निर्माण करणारी जनुके शोधण्यात आली आणि त्यांपैकी काही निकामी करून विषाणूचा प्रसार सुकर करता आला.

मर्यादा

एखाद्या जीवाचा डीएनए रोगट फळात सापडला म्हणून तोच रोगाचे कारण ठरत नाही. मृत ऊतींवर नंतर वाढलेल्या बुरशींचा डीएनएही नमुन्यात मिसळतो. त्यामुळे वेगळा केलेला जीव निरोगी झाडावर टोचून तीच लक्षणे पुन्हा उद्भवतात का आणि त्यातून तोच जीव परत मिळतो का, ही कॉखच्या निकषांनुसार केली जाणारी तपासणी क्रमनिर्धारणानंतरही आवश्यक असते.