मोनिकेची प्रार्थना

श्रोतेहो, ख्रिस्ती घरांत आपल्या माणसांसाठी नित्य प्रार्थना करण्याचा परिपाठ फार जुना. उत्तर आफ्रिकेतली मोनिकेची हकीकत ऐका.

आजच्या अल्जीरियातील थागास्ते गावी तिचा मुलगा ऑगस्टीन इ. स. ३५४ मध्ये जन्मला. पोरगा भारी हुशार, पण आईचा धर्म सोडून मानीच्या पंथात शिरला. आई रोज रडून देवाला विनवी. ३८३ साली तो रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून ती कार्थेजच्या बंदराजवळ, संत सिप्रियनच्या प्रार्थनास्थळी विनवणी करीत राहिली. आणि इकडे हा, मित्राला निरोप देतो अशी थाप मारून, रात्रीच गलबतातून पसार!

प्रार्थना फुकट गेली म्हणावे, तर त्याच प्रवासात पुढे मिलानला बिशप अँब्रोज भेटले. ३८७ च्या ईस्टरला त्यांनीच त्याला बाप्तिस्मा दिला. आई तेथवर मागोमाग गेलीच होती. त्याच वर्षी ओस्तिया बंदरात ती वारली.

हे सारे कळते ते मुलाच्याच ‘कन्फेशन्स’ ग्रंथातून. म्हणजे साक्षीदार एकटाच, आणि तोही गुन्हेगार! आईबापांची वेदीपाशी आठवण ठेवा, अशी विनंती त्याने त्यात वाचकांना केली आहे.