पुढच्या मुठीची रायफल

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. पत्र म्हणजे हल्लीच्या रीतीचे, फोनवर आलेले, सोबत पाचसहा छायाचित्रे. हा मुलगा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीला आहे आणि एका लहानशा गावी एका वृद्ध गृहस्थांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरमालकांनी माळ्यावरून आपल्या आजोबांची शिकारीची रायफल खाली काढली होती. विद्यार्थ्याने लिहिले होते, "सर, बंदुकीच्या पोलादी अंगात काडतुसाचं पितळी बूड बसवलेलं आहे. हे मुद्दाम केलंय की कुणी खोडी केली? आणि ही बंदूक आजोबांनी पहिल्या महायुद्धावरून परतल्यावर, 1919 साली घेतली असं घरात सांगतात. ते खरं असेल का?"

श्रोतेहो, मी इतिहासाचा शिक्षक. माझ्या हाती उभ्या जन्मात बंदूक आली ती जत्रेत फुगे फोडायच्या दुकानात, आणि तेव्हाही फुगे शाबूत राहिले! पण वस्तू कागदाची असो की लोखंडाची, ती केव्हाची, कुणाची आणि खरी कशावरून, हे विचारणे आमचा धंदाच आहे. म्हणून मी या प्रश्नाच्या मागे लागलो.

आधी ही बंदूक कशी चालते ते सांगतो. रायफलीच्या नळीला आतून पीळ पाडलेला असतो, त्यामुळे गोळी फिरत आणि सरळ जाते. एक बार झाला की रिकामे काडतूस बाहेर काढून दुसरे आत सारावे लागते. काही रायफलींत त्यासाठी मागचा खटका उचलून ओढतात, काहींत चापाखालची कडी खालीवर करतात. आपल्या गोष्टीतल्या रायफलीत डाव्या हाताने धरलेली पुढची लाकडी मूठच मागे ओढून पुन्हा पुढे ढकलायची. सायकलला हवा भरावी तसे. म्हणूनच तिला पंपाची रायफल म्हणतात. उजवा हात चापावरून हलत नाही आणि डोळा नेमावरून ढळत नाही, हा तिचा मोठा गुण.

ही युक्ती रायफलीत चांगली रुजवली ती हार्टफर्डच्या कोल्ट कंपनीने. विल्यम एलियट यांच्या पेटंटांवर तिने 1884 साली 'लाइटनिंग' नावाची रायफल काढली. मध्यम आकाराच्या सुमारे 90 हजार निघाल्या. मोठ्या जनावरांसाठी काढलेल्या थोराड आकाराच्या मात्र 1887 ते 1894 या काळात साडेसहा हजारांच्या आसपासच. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलिसांनी 401 रायफली घेतल्या होत्या, त्या आज संग्राहकांच्या खास लोभाच्या. पण लाइटनिंगची यंत्रणा नाजूक होती आणि दुरुस्त करणारा कारागीर तिला शिव्या घालीत असे. कडीच्या रायफलीचे राज्य तिला काही उलथवता आले नाही. विंचेस्टरने 1890 साली ब्राउनिंग बंधूंच्या आराखड्यावर .22ची एक छोटी पंपरायफल काढली. ती सशाखारींच्या शिकारीला आणि तिकडच्या जत्रांतल्या नेमबाजीच्या दुकानांत लाखांनी खपली. तिच्याबद्दल एवढेच पुरे.

आपल्या माळ्यावरची रायफल रेमिंग्टनची, 14 नंबरची. ती जॉन पेडरसन या माणसाने घडवली. ती 1912 साली बाजारात आली आणि 1930 नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत होती. पेडरसनपुढची अडचण अशी होती. पंपाच्या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या एका नळकांड्यात एकामागे एक झोपवलेली असतात. म्हणजे मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमके जिथे ठोका बसला की बार उडतो त्या टोपीला, टेकून राहते. गोळी बोथट असेल तर ठीक. टोकदार असली आणि धक्का बसला, तर बंदूक हातातच फुटायची. पेडरसनने काय करावे? त्याने त्या नळकांड्यालाच पीळ दिला. काडतुसे त्यात किंचित तिरपी बसतात आणि टोक टोपीवर न येता बाजूला राहते. उपाय इतका साधा की एवढ्या वर्षांत तो इतर कुणाला का सुचला नाही असे वाटावे. त्या पिळावरूनच जुने शिकारी ही रायफल लांबून ओळखतात.

आणि ते पितळी बूड? ती खोडी नव्हे. ही रायफल .25, .30, .32 आणि .35 अशा चार मापांत मिळे. कुठल्या रायफलीला कुठले काडतूस लागते ते चटकन कळावे म्हणून कारखान्यानेच त्या मापाच्या काडतुसाचे बूड अंगात बसवून दिलेले असे. अक्षरशत्रू माणसानेही काडतूस शेजारी धरून पाहावे. मला ही कल्पना फार आवडली.

आता प्रश्न असा की पंपाची रायफल पेनसिल्व्हेनियाच्या माळ्यांवरच इतकी का सापडते? त्याचे एक कारण कायद्यात आहे. त्या राज्याने 1907 सालीच आपोआप भरणाऱ्या बंदुकांनी शिकार करायला बंदी घातली. दाट रानात पांढऱ्या शेपटीचे हरीण क्षणभर दिसते आणि झाडांआड जाते, तेव्हा दुसरा बार लवकर हवा. यंत्राने आपोआप भरायचे नाही, तर मग हातानेच पण झपाट्याने भरा. ही सोय पंपाच्या रायफलीत होती. 2017 साली लहान शिकारीपुरती ती बंदी सैल झाली, हरणासारख्या मोठ्या शिकारीपुरती झाली नाही. त्या मुलखात पंपरायफलीला थट्टेने 'आमिशांची मशीनगन' म्हणतात. आमिश हा मोटारी आणि वीज टाळून घोडागाडीने फिरणारा एक जुना ख्रिस्ती पंथ. त्यांची मशीनगन म्हणजे हाताने चालवायची!

शिवाय हे हत्यार साहेबी नव्हते. बंदुकीचे जाणकार खटक्याची रायफल वाखाणीत, तिचा नेम अधिक बारीक म्हणत. पंपाची रायफल घेणारा बहुधा गिरणीत, खाणीत किंवा शेतावर राबणारा असे. छऱ्याची पंपाची बंदूक त्याच्या हातात आधीच बसलेली असे, मग हरणासाठीही त्याच चालीची घ्यायची. 1963 ते 2018 पर्यंत पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी उघडे, आणि कितीतरी गावांत त्या दिवशी शाळांना सुटी असे. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा ठरली. तिथे ती परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत केलेला घराघराचा रिवाज आहे. दोन्हीकडचे न्याय आपापल्या जागी.

रेमिंग्टनने पुढे 141 आणि 1952 साली 760 नंबरची रायफल काढली. ही 760 सैनिकी ताकदीची .30-06 काडतुसे सहज पेलत असे. 1981 पर्यंत ती दहा लाखांहून अधिक निघाली, म्हणून संग्राहकाला तिचे नवल कमी. जुन्या 14 नंबरचे मात्र फार, आणि तिचे दुखणेही जुने आहे. .25, .30 आणि .32 मापांची काडतुसे कारखान्यांनी केव्हाच बंद केली; .35 तेवढी टिकली. घरमालकांच्या रायफलीतले बूड .25चे आहे. म्हणजे रायफल धडधाकट, पण तिला चारा नाही. हौशी लोक दुसऱ्या मापाची नळकांडी कापून, दाबून घरी काडतुसे तयार करतात. त्या गृहस्थांना आता या वयात ते जमण्यासारखे नाही.

मग अशी मुकी बंदूक जमवायची कशाला? एक उत्तर कायद्याचे आहे. अमेरिकेच्या 1968च्या कायद्याने 1898 किंवा त्याआधी बनलेले हत्यार 'पुरातन' धरले, आणि त्याच्या खरेदीविक्रीला केंद्र सरकारचे बंदुकीचे नियम लागत नाहीत. राज्यांचे आपले वेगळे नियम असतात ते असतातच. तेव्हा 1898ची लाइटनिंग पुराणवस्तू, आणि तिची 1899ची जुळी बहीण बंदूक! दोन्ही एकाच ठशाच्या. पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांसाठी संग्राहकाचा निराळा परवाना असतो, आणि तो घेणाऱ्याला प्रत्येक आल्यागेल्या बंदुकीची नोंद वहीत ठेवावी लागते. ती वही मला आपल्या दफ्तरखान्यांची आठवण देते.

दुसरे उत्तर मात्र अधिक जवळचे. हे लोक बंदुका वाचतात. 1921 नंतरच्या रेमिंग्टनच्या नळीवर, अंगाशी जिथे ती जुळते तिथे, बारीक अक्षरे ठोकलेली असतात. पहिले अक्षर महिन्याचे. काळ्या दारूला इंग्रजीत ब्लॅक पावडर म्हणतात. ते शब्द इंग्रजीत लिहिले की 11 अक्षरे भरतात, शेवटी एक एक्स जोडला की 12. पहिले अक्षर जानेवारी, शेवटचे डिसेंबर. दुसरे अक्षर वर्षाचे. मराठी दफ्तरात काम केलेल्या माणसाला हे वाचून ओळखीचे हसू येते. पेशवाईच्या कागदावर 'सलास खमसैन मया व अलफ' असे अरबी शब्द दिसले की आम्ही तीन, पन्नास, शंभर, हजार अशी बेरीज करून शुहूर सन 1153, म्हणजे इसवी सन 1752-53 काढतोच ना! आणि सावधगिरीही तीच हवी. नळी बदलता येते. नळीवरची तारीख ही नळीचीच, सबंध बंदुकीची असेलच असे नाही. नकलेवरची तारीख म्हणजे अस्सल सनदेची नव्हे, तसेच.

या बंदुका इलियन नावाच्या गावी बनत. ते गाव न्यूयॉर्क राज्यात मोहॉक नदीकाठी आहे. ते नाव ऐकले आणि मी चमकलो, कारण याच कारखान्यात 1873 पासून टाइपरायटर बनू लागला होता. 1886 साली तो धंदा विकला गेला, पण नाव दोघांनाही राहिले. दहावीनंतरच्या सुटीत मी टायपिंगच्या क्लासात ज्या रेमिंग्टनवर बोटे बडवली, तिच्या काही कळांवरची अक्षरे झिजून साफ पुसली गेली होती, आणि कळांची ती मांडणी आजही संगणकावर 'रेमिंग्टन' म्हणूनच मिळते.

त्या नावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2012 साली कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत 20 मुले आणि 6 मोठी माणसे मारली गेली. ज्या रायफलीने मारली ती याच कंपनीच्या छत्राखाली बनलेली होती, आणि 2022 साली मृतांच्या कुटुंबांशी 7 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड झाली. कंपनी 2018 आणि 2020 अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, तिचे तुकडे विकले गेले, आणि 2024च्या मार्चमध्ये इलियनचा कारखाना बंद पडला. 1828 पासून त्या गावात बंदुका घडत होत्या. आता ते ज्ञान बरेचसे संग्राहकांच्या वह्यांत आणि कपाटांत उरले आहे. मला संग्राहकांचे सगळेच पटते असे नाही. काडतुसाच्या रिकाम्या खोक्यासाठी पैसे उधळणारेही त्यांच्यात आहेत. पण त्यांचा एक नियम मी मनापासून मानतो. जुन्या बंदुकीला नवी झिलई देऊ नये.

कारण घरमालकांपुढे तोच मोह उभा होता. गावातल्या एका कारागिराने सांगितले होते, घासूनपुसून नवी निळी झिलई चढवतो, दस्ता पॉलिश करतो, किंमत वाढेल. मी विद्यार्थ्याला घाईने फोन केला. म्हटले, "मुळीच करू देऊ नकोस. छायाचित्रात अंगाखाली, मधोमध, झिलई जाऊन पोलाद पांढरे पडलेय बघ. रायफलीचा तोल तिथे असतो, रानातून चालताना तिथेच तळहात राहतो. तो झिजलेला डाग आजोबांच्या हाताचा आहे. कुणी फिकट झालेल्या मोडी कागदावर नवी शाई फिरवली तर आपण काय म्हणू?" किंमत वाढणेही खोटेच. मूळ झिलई गेलेली रायफल संग्राहक हलकी धरतो आणि नवी झिलई दिलेली त्याहून हलकी.

राहिला 1919चा प्रश्न. मी त्याला भिंग घेऊन नळीवरची अक्षरे पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. अक्षरे ई आणि यू. ई हे दहावे, म्हणजे ऑक्टोबर. यू म्हणजे 1927.

ते ऐकून म्हातारेबुवा बराच वेळ काही बोलले नाहीत म्हणे. मग रायफल गुडघ्यावर आडवी घेऊन म्हणाले, "माझे आजोबा खोटं बोलत नसत. नळी बदलली असेल." तसे असूही शकते. रायफल त्यांनी कारागिराकडे दिली नाही. पुसून, तेलाचा हात फिरवून पुन्हा माळ्यावर ठेवली आहे, आणि आता ते नळी बदलल्याची पावती शोधत आहेत.