पावलं मोजणारं स्वयंपाकघर

हल्ली मॉड्युलर किचनवाले घरी येतात, टेप लावतात, ट्रॉल्यांचा हिशोब मांडतात. या मापांचं एक मूळ जर्मनीत, फ्रँकफुर्टला आहे. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची टंचाई होती. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी तिथल्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर नमुन्याला घेतलं आणि गृहिणीची पावलं वाचवली. सुमारे १०,००० घरांत ते बसलं. गंमत म्हणजे, तोवर आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, असं बाईच सांगत!

पण तिथे दुसऱ्याला उभं राहायला जागा नव्हती. पावलं वाचली, काम मात्र एकटीचंच राहिलं. म्हणून ओट्याचं माप घेणाऱ्याला आधी विचारावं: इथे दोघं उभी राहतील ना?